फॉर्मवर न लिहिलेला डाग

मे महिना लागला की मी गावोगावी ओली पोती पसरायला लावते. मी कृषी सहायक आहे, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली काही गावं माझ्याकडे आहेत. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि काही दिवसांनी उघडून मोड मोजायचे. सत्तर निघाले तर बियाणं चांगलं, बिनधास्त पेरा. थोडे कमी निघाले तर बी जास्त टाका. फारच कमी निघाले तर ते बी विसरा. बारा वर्षं मी हे सांगते आहे आणि सांगताना माझा आवाज खणखणीत असतो.

त्या शंभरातल्या एकेका दाण्याचं काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तो आला पुण्यातल्या एका हॉस्पिटलात, जेव्हा समोरच्या डॉक्टर मॅडम माझ्याच पोटाचा अंदाज मला सांगत होत्या.

ज्या बायांच्या पोटात गाठ आहे आणि ज्यांना कोणीतरी असाच अंदाज सांगितला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. मी फार घाबरले होते, आणि घाबरलेपणात एक चूकही करून बसले. दोन्ही सांगते, काही लपवत नाही. लपवण्याचा अनुभव एकदा पुरेसा झाला.

संत्र्याएवढी

पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायची. शिरपूरकडच्या गावांना जाताना स्कूटीच्या सीटवर जाड टॉवेल घालायचे. ग्रामपंचायतीतल्या बैठकीतून उठायच्या आधी मागे कोण बसलं आहे ते बघून घ्यायचे. दोन वर्षं मी हे सगळं इतक्या सफाईने निभावलं की ऑफिसात कोणाला पत्ता लागला नाही. मग एके दिवशी तुरीच्या शेतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभी राहून फवारणीबद्दल बोलता बोलता मी खाली बसले ते बसलेच. शेतकऱ्याच्या बायकोने तोंडावर पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर आले.

वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सहा पूर्णांक आठ निघालं. "मोठ्या संत्र्याएवढी गाठ आहे," त्या म्हणाल्या, "गर्भपिशवीच्या भिंतीत आत बसली आहे. कॅन्सरची नाही, घाबरू नका. पिशवी काढून टाकू. मुलगी आहे ना एक? मग आता पिशवीचं काम काय?"

त्या वाईट बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे असंच बोलतात. माझ्या तीन चुलत बहिणींच्या पिशव्या काढलेल्या आहेत. पण मला त्या खोलीत माझी आई दिसत होती.

माझ्या आईची पिशवी एकोणतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जात होतं, एवढंच कारण. त्यानंतर ती बाई पुन्हा उभी राहिली नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं नाही. अंगातून वाफा निघायच्या, गुडघे गेले, कंबर गेली, निंदायला वाकता येईना. बसून करायचं काम हवं म्हणून तिने बिब्बे फोडायला घेतले. बिब्ब्याचं टणक फळ दगडावर ठेवून फोडायचं आणि आतली गोडंबी काढायची. फोडताना उडणारं तेल अंगाला लागलं की कातडी जळते. आजही शिरपूरजवळच्या आमच्या गावी ती ओट्यावर बसून हेच करते. तिची बोटं कायमची काळी आहेत.

तेव्हा माझी भीती मरणाची नव्हती, ती अगदी साधी होती. अडतिसाव्या वर्षी मी माझ्या आईसारखी होऊन ओट्यावर बसेन, ही भीती होती.

माझा नवरा विनोद मालेगावच्या शाळेत लिपिक आहे. घरी आल्यावर तो म्हणाला, "काढून टाकू नं वर्षा. जीव तं राहील."

"मायचा जीव राह्यलाच नं," मी म्हटलं. "पाहा तुमी तिच्याकडं."

आमच्या मुलीने, सईने, टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

काळी, पांढरी, राखाडी

दुसरं मत घ्यायला अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते, पण गाठ खोल आहे आणि रक्त आधीच कमी, टेबलावर रक्तस्राव थांबला नाही तर शेवटी पिशवी काढावीच लागेल. मग म्हणाले, आणखी एक उपाय आहे. पोट न कापता, आवाजाच्या लहरी गाठीच्या आत एका जागी एकवटून तिला तापवून मारतात. पण तो सगळ्याच गाठींना लागू पडत नाही. पुण्याला जाऊन एमआरआय करा, ते सांगतील.

पुण्याच्या मॅडमनी एमआरआयचं चित्र पडद्यावर दाखवलं. समजावण्याची हातोटी चांगली होती. त्या म्हणाल्या, "या चित्रात गाठ काळी दिसली तर ती बहुतेक वेळा चांगली तापते आणि मरते. पांढरी दिसली तर तिच्यात पाणी आणि रक्त जास्त असतं, उष्णता टिकत नाही. अशा बायकांना मी सरळ परत पाठवते."

मी पडद्याकडे पाहिलं. माझी गाठ काळीही नव्हती, पांढरीही नव्हती.

"तुमची राखाडी आहे," त्या म्हणाल्या. "पण बाकीच्या गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. पोटावर चरबी कमी, मध्ये आतडं येत नाही, कातडी ते गाठ रस्ता सरळ आहे. माझा अंदाज चांगला आहे."

"शंभरात किती?" मी विचारलं. माझी सवयच ती.

"आकडा देणार नाही. दिला तर तुम्ही तो धरून बसाल. नेमकं काय होतं ते गाठ तापवायला लागल्यावरच कळेल."

बाहेर येऊन विनोद म्हणाला, "चांगलं बोलल्या नं त्या?" मी मान हलवली. मला फक्त राखाडी एवढंच ऐकू आलं होतं.

फॉर्म

त्याच दिवशी एका सिस्टरने फॉर्म दिला. दम्याचा त्रास आहे का, शरीरात कुठे धातू बसवला आहे का, असे प्रश्न. खाली एक प्रश्न होता: पोटावर शस्त्रक्रियेचे, भाजल्याचे किंवा इतर कसलेही व्रण आहेत का?

मी "नाही" लिहिलं आणि सही केली.

माझ्या पोटावर पाच डाग होते. बेंबीभोवतीचे चार मी तान्ही असतानाचे. आमच्या भागात तान्ह्या लेकराचं पोट फुगलं की सुई तापवून बिब्ब्यात खुपसतात आणि तेल सुटलं की तेच टोक पोटाला टेकवतात. माझ्या वयाच्या किती तरी बायांच्या पोटावर हे ठिपके आहेत. त्यांना कोणी व्रण म्हणत नाही. ते तिळासारखे अंगावर असतात.

पाचवा मात्र गेल्या हिवाळ्यातला होता. तो मी मागून घेतला होता.

पोटातली कळ सहन होईना म्हणून दोन दिवस माहेरी गेले होते. आई नेहमीसारखी बिब्बे फोडत बसली होती. मी तिच्याजवळ आडवी झाले आणि म्हटलं, "माय, एक घाल. पाहू तं खरं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "पोरीले घालू नाही देलं तू मले. किती बोल्ली व्हती तवा. अन् आता सोताले?"

खरंच होतं. सईच्या वेळी मी आईला अडाणी म्हटलं होतं, हे तिने लक्षात ठेवलं होतं. तरी तिने चूल पेटवली. बेंबीच्या खाली, जिथे कळ होती तिथेच तिने टेकवलं. फोड आला, तो फुटला, महिनाभर पाणी गळलं, आणि रुपयाच्या नाण्याएवढा जाड, चकचकीत डाग उरला. कळ कमी झाली नाही.

पुण्याच्या त्या थंड खोलीत सिस्टरने माझं शिक्षण विचारलं होतं. बी.एस्सी. अ‍ॅग्री, मी म्हटलं होतं, जरा तोऱ्यातच. त्यानंतर दोन मिनिटांनी बिब्बा कसा लिहायचा? मला लाज वाटली. वरवरच्या तपासणीत साडी थोडीच सरकवली होती, तेव्हाही डाग दिसला नाही. विनोदला डाग माहीत होता. तो फॉर्मवर वाकून बघत होता आणि तोही गप्प राहिला. बायकोची लाज राखली, असं त्याला वाटलं असावं.

सकाळी सात

मधले दोन महिने रक्त वाढवण्यात गेले. सलाइनमधून लोहाची इंजेक्शनं, बीट, खजूर. तारीख आली. सकाळी सातला भरती. हातात पट्टी बांधली, बांगड्या, कानातलं, केसांच्या पिना, सगळं काढून एका पिशवीत घातलं. लघवीची नळी घातली, ती मला सगळ्यात जास्त झोंबली. एका मावशीने काही न बोलता पायात मोजे चढवले. इतकी थंडी वाजत होती की त्या मोज्यांसाठी मला रडू आलं.

मग सिस्टर पोट स्वच्छ करायला आली. गाऊन पूर्ण वर केला. तिचा हात थांबला.

"हे काय आहे?"

मी छताकडे पाहत राहिले. ती बाहेर गेली आणि मॅडमना घेऊन आली. मॅडमनी हातमोजा चढवून डागाभोवती बोट फिरवलं, दाबून बघितलं.

"कशाचा आहे?"

"बिब्ब्याचा," मी म्हटलं. "गेल्या हिवाळ्यातला."

"फॉर्मवर नाही लिहिलात."

"नाही."

मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "हे बघा, लहरी पोटाच्या कातडीतूनच आत जातात. चांगली कातडी त्यांना जाऊ देते. असा जाड व्रण त्यांना अडवतो आणि स्वतः तापतो. मला हे कळलं नसतं तर तिथे तुमची कातडी आतपर्यंत भाजली असती."

त्या पुढे म्हणाल्या, "आता या डागाला वगळून, तिरप्या वाटेने जावं लागेल. मग गाठीचा खालचा कोपरा कदाचित हाताशी येणार नाही. तेव्हा दिलेला माझा अंदाज आज तसाच राहिला नाही. आज नको म्हणालात तरी चालेल. विचार करा, मी दहा मिनिटांनी येते."

विनोदला आत बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकला. "मी तवाच बोलायले पाह्यजे होतं," तो म्हणाला.

"मीच बोलले नाही, तं तुमी काय बोलणार."

"परत जायचं का मंग घरी?"

परत जायचं म्हणजे कुठे, हे मला दिसत होतं. वाशिम, ऑपरेशन, ओटा. इथे थांबायचं म्हणजे राखाडी गाठ, अर्धी वाट आणि भाजायची भीती. दोन्हीकडे अंधारच होता. मी थांबायचं ठरवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं त्यात. परत जाण्याची भीती थोडी जास्त होती, एवढंच.

बटण

पालथं झोपवतात. पोट एका मऊ, ओल्या गादीवर टेकतं, तिच्याखाली ते यंत्र. टेबलासकट तुम्हाला एमआरआयच्या बोगद्यात सरकवतात. हलायचं नाही. पूर्ण भूलही देत नाहीत, थोडी गुंगी असते, कारण तुम्ही बोललं पाहिजे. डागावर मॅडमनी लहरी अडवणारी एक पट्टी चिकटवली होती. आणि माझ्या हातात एक बटण दिलं.

"पायात कळ गेली, पाठीत दुखलं किंवा कातडीला चटका बसला की दाबायचं. लहरी लगेच थांबतील. सहन करून दाखवायचं नाही," त्यांनी बजावलं होतं.

कानातल्या हेडफोनमधून यंत्र चालवणाऱ्या मुलाचा आवाज यायचा, "मॅडम, सुरू करतोय." मग आत, पोटाच्या खोल, एक ऊब वाढत जायची, पाळीसारखी कळ यायची आणि ओसरायची. मग थंड होण्यासाठी थांबायचं. पुन्हा "मॅडम, सुरू करतोय." प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच प्रश्न होता, तापतेय का? मरतेय का? विचारायची हिंमत होत नव्हती. मी आकडे मोजत राहिले. एकोणीस, वीस, एकवीस. प्रत्येक खेपेला एक दाणा.

तिसाव्याच्या आसपास मॅडमचा आवाज आला. "छान चाललंय. गाठ तापतेय. आता खालच्या कोपऱ्याकडे जायचा प्रयत्न करते."

पुढच्या खेपेला डागाच्या कडेला चटका बसला. सुईच्या टोकाएवढा, अगदी ओळखीचा. मी बटणावर अंगठा ठेवला आणि दाबलं नाही.

खरं सांगते, मी दाबणार नव्हते. बटण दाबलं तर कोपरा राहणार. कोपरा राहिला तर गाठ परत वाढणार. तर मग पिशवी जाणार. आणि सोसायची मला सवय आहे, बिब्ब्याचा फोड महिनाभर सोसला होता. खेप संपली. "मॅडम, ठीक आहात ना?" त्या मुलाने विचारलं.

"हो," मी म्हटलं. ते पुन्हा फॉर्मवरचंच "नाही" होतं.

पुढची खेप सुरू झाली, चटका वाढला, आणि मला एकदम भयंकर भीती वाटली. मला माझीच भीती वाटली. ही बाई मरेपर्यंत ठीक आहे म्हणत राहील, असं वाटलं. मी बटण दाबलं. दाबूनच ठेवलं. यंत्र थांबलं तरी सोडेना, शेवटी मॅडम आत आल्या आणि त्यांनी माझी बोटं उघडली.

"कुठे?"

"डागाजवळ. मागच्याच वेळी बसला होता. मी सांगितलं नाही."

त्यांनी मला अलगद वर उचलून बघितलं. कातडी लाल झाली होती, फोड नव्हता. "वेळेवर दाबलंत," त्या म्हणाल्या. "इथेच थांबू. कोपरा सोडून देऊ."

चित्र

शेवटी शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्र काढतात. गाठीच्या ज्या भागात रक्त पोहोचत नाही, तो मेला. तो काळा दिसतो. संध्याकाळी मॅडमनी मला ते दाखवलं. संत्र्याचा बराचसा भाग काळा होता. खाली, डागाच्या बाजूला, एक फोड राखाडीच राहिली होती.

"माझ्या अंदाजापेक्षा बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण तो तुकडा वाढेल की तसाच पडून राहील, हे मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर आई येऊन राहिली. तिने विचारलं, "काय मनला डाक्टर?" मी तिला सगळं सांगितलं, डागाचंही. ती बराच वेळ आपल्या काळ्या बोटांकडे बघत बसली.

"माह्या हातानं झालं," ती म्हणाली.

"तुह्या हातानं नाही, माय. माह्या तोंडानं झालं. विचारलं व्हतं त्यायनं मले."

त्यानंतर मी तपासणीला निघाले की ती फोन करते आणि एकच सांगते, "डाक्टरले सगळं सांगजो व बाई." तिच्या पिशवीच्या वेळी तिला कोणी काही विचारलं नव्हतं, हे ती मला पहिल्यांदा तेव्हा बोलली.

मोड

सहा महिन्यांनी गाठ आकसली होती. आता पाळी पाच दिवसांची आहे, रक्त दहाच्या वर आहे. सीटवरचा टॉवेल काढला. तुकडा तसाच आहे. दर पाळीला पहिल्या दिवशी मी घाबरते, जास्त जातंय का म्हणून. ही भीती गेलेली नाही आणि ती गेली असं लिहून मी तुम्हाला फसवणार नाही.

या मे महिन्यात एका गावात आम्ही पोतं उघडलं. शंभरात एकाहत्तर मोड. मी म्हटलं, चांगलं आहे, पेरा. लोक पांगले. एक बाई मागे राहिली, पस्तिशीची असेल, पदर पोटावर घट्ट धरून.

"म्याडम, तुमची पिशवी बिना काढायची बरी झाली मनते. मलेबी गाठ हाय. डाक्टर काढाच मनते."

मी तिला गोदामाच्या मागे नेलं आणि विचारलं, "पोटावर बिब्बा हाय का?"

ती लाजली. मान खाली घालून हसली. "कोणाले नसते?"

मी माझा पदर बाजूला केला आणि तिला माझा पाचवा डाग दाखवला. "जिथं जाशीन तिथं हा पयले दाखवजो. कोणी विचारो का न विचारो. शिकेल बाई असून मी लपवला. तेवढा तुकडा आत राह्यला माह्या."

तिने डागाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "मंग आता? वाढंल का तो?"

"सोमवारी पुण्याले तपासाले जातो. तवा समजंल."

"भेव नाही वाटत तुमाले?"

माझ्या हातात अजून ते ओलं पोतं होतं. बारा वर्षांच्या सवयीने खणखणीत "नाही" तोंडापर्यंत आलं होतं.

"वाटते," मी म्हटलं. "लय वाटते."